कळतं, पण वळत नाही

लालबाग राजवाड्याचं फाटक बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर इंग्लंडात घडवून इंदूरला आणलेलं आहे. त्याचे गज उभे आणि सरळ आहेत, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून सकाळी फिरायला गेले, तेव्हा समोरचा गज सरळ दिसला आणि दोन्ही कडांचे गज धनुष्यासारखे वाकले. मान वळवली की आख्खं फाटक डचमळायचं. मी पुढे होऊन कडेचा गज मुठीत धरला. हाताला तो सरळ लागत होता, डोळ्यांना वाकडाच दिसत होता.

मी शाळेत संस्कृत शिकवलं. निवृत्तीनंतर आमच्या घरी आठवड्यातून एकदा पंचदशी या वेदान्तग्रंथाचं वाचन चालतं. त्यामुळे त्या फाटकापाशी मला आठवलं ते वेदान्तातलं भ्रमाचं प्रकरण. दोरीवर साप दिसतो; दिवा आणला, दोरी कळली की साप नाहीसा होतो. ज्ञानानं हा भ्रम जागच्या जागी संपतो. दुसरा भ्रम स्फटिकाचा. शेजारी जास्वंदाचं फूल असलं की स्फटिक लाल दिसतो, आणि तो रंगहीन आहे हे कळल्यावरही लालच दिसत राहतो. इथे ज्ञान पुरत नाही, फूल हलवावं लागतं. फूल ही उपाधी, आणि ती आहे तोवर भास आहे. माझे वाकलेले गज या दुसऱ्या जातीचे होते. भास आहे हे पक्कं माहीत होतं, पण उपाधी नाकावर बसलेली होती.

शास्त्राप्रमाणे चष्मा काढेपर्यंत ते वाकडेच राहायला हवे होते. पण काही आठवड्यांनी ते सरळ दिसू लागले. चष्मा तोच, काच तीच, तिच्यातली वक्रता तसूभरही बदललेली नाही. अज्ञान गेलं म्हणावं तर ते पहिल्या दिवशीही नव्हतं. उपाधी गेली म्हणावं तर ती अजून नाकावर आहे. मग गेलं काय? या प्रश्नानं मला फार दिवस सोडलं नाही.

हा चष्मा म्हणजे काय ते थोडं सांगते. दुहेरी भिंगाच्या जुन्या चष्म्यात आडवी रेघ असते, वर लांबचं आणि खाली जवळचं. बर्नार मेतेनाझ या फ्रेंच अभियंत्यानं ती रेघ काढून टाकली आणि १९५९ साली व्हॅरिलक्स नावाचं भिंग बाजारात आलं. त्यात नंबर वरून खाली हळूहळू वाढत जातो. पण त्याची किंमत मोजावी लागते. गुंटर मिंकविट्झ या जर्मन गणितज्ञानं १९६३ मध्ये सिद्ध केलं, की मधल्या उभ्या पट्टीत नंबर ज्या वेगानं वाढतो, त्याच्या दुप्पट वेगानं पट्टीच्या दोन्ही अंगांना काचेत दोष वाढतो. तो दोष कडांकडे ढकलता येतो, पसरवून सौम्य करता येतो, पण काढून टाकता येत नाही. म्हणून बाजूला पाहायचं तर डोळे न फिरवता मान फिरवायची, वाचताना मान खाली न घालता नजर खाली आणायची आणि जिना उतरताना याच्या अगदी उलट, हनुवटी छातीकडे. सगळीकडून एकदम स्पष्ट दिसेल अशी जागा या काचेत नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाईंनाही त्याच सुमारास असाच चष्मा लागला. आम्ही दोघी एका वयाच्या, पण नात्यानं त्या मोठ्या, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणते. माझा नंबर मायनस पाच, त्यांचा प्लस दीड. मला शाळेत असल्यापासून लांबचं दिसत नाही. त्यांना तरुणपणी दोन्ही दिसायचं, कारण डोळ्यातलं भिंग त्यांच्या नकळत ताण घेऊन नंबर भरून काढत होतं. वयानुसार ते भिंग ताठर झालं तेव्हा आधी जवळचं गेलं, मग लांबचंही. चष्मेवाल्यानं दाखवलेली एक गोष्ट मला विलक्षण वाटली. या काचांवर बारीक खुणा कोरलेल्या असतात. काचेवर तोंडाची वाफ सोडून ती उजेडात तिरकी धरली, की दोन इवली वर्तुळं आणि कानाकडच्या वर्तुळाखाली एक आकडा क्षणभर उमटतो. वाचनासाठी वरच्या नंबरात किती भर घातली आहे, त्याचा तो आकडा. आम्हा दोघींच्या काचांवर तो एकच निघाला, सव्वादोन. एकीचं शाळेपासून लांबचं अडलं, दुसरीचं तरुणपणी काहीच नाही, पण वयानं दोघींना सारखंच मापून दिलं होतं.

तरीही सराव सारखा झाला नाही. वहिनींना अक्षरं मोठी दिसली. फुलवाती वळताना कापसाचा तंतू दिसतो म्हणून त्या हरखल्या. अडचणी त्यांनाही होत्या. प्लसच्या भिंगातून जवळ पाहताना डोळे जास्त आत वळवावे लागतात आणि वाचायची पट्टी अरुंद भासते. बागेतल्या पायऱ्या उतरताना त्या माझा दंड धरायच्या. मी मात्र अडून बसले. मायनस पाचच्या डोळ्याला चष्म्याविना वीतभर अंतरावरचं लख्ख दिसतं. आयुष्यभर मी पोथी तशीच वाचली, चष्मा कपाळावर सरकवून आणि पान नाकाजवळ धरून. नव्या चष्म्यातून तीच अक्षरं लहान आणि लांब गेल्यासारखी वाटायची, म्हणून हात पुन्हा पुन्हा चष्म्याकडे जायचा.

वहिनी एकदा म्हणाल्या, "तुला काढून ठेवायची सोय आहे ना, म्हणून तुझं बस्तान बसत नाही. मी काढला तर मला ना पोथी दिसते ना झाड."

"पण वहिनी, उघड्या डोळ्यांनी मला जास्त चांगलं दिसतं."

"वीतभरच ना? तेवढ्यात काय काय मावतं तुझं?"

त्यांनी पंचदशी कधी वाचलेली नव्हती, पण ते बोलणं माझ्या मनात खोल गेलं. वैराग्याकडे मी नेहमी उपाधी काढून ठेवणं म्हणूनच पाहत आले होते. देह, घर, नातीगोती यांतून भास येतात, तर त्यांतून बाजूला व्हावं. ती वाट खरी आहे, तिच्यावरून चालून गेलेल्यांना मी वंदन करते. पण बाजूला होऊन जे स्पष्ट दिसतं ते वीतभरच असू शकतं, हे मी मायनसवाल्या डोळ्यांनी अनुभवलं आहे. हट्टानं चष्मा ठेवायचं ठरवलं, तेव्हा कुठे गज सरळ होऊ लागले.

विद्यारण्यांनी पंचदशीच्या तृप्तिदीप या प्रकरणात विपरीत भावनेचा विचार केला आहे. श्रवण झालं, मननानं शंकाही फिटल्या, तरी देह म्हणजे मी आणि जग जसं दिसतं तसंच खरं, ही जुनी ओढ उरते. ती नव्या माहितीनं जात नाही, एकाग्र चिंतनाच्या अभ्यासानंच विरते. हे मी अनेक वर्षं शिकवलं, पण डोळ्यांनी पाहिलं ते त्या फाटकापाशी. गज सरळ आहेत हे वाक्य मला कोणी नव्यानं सांगितलं नाही. आधीचं कळणं रोज चालत, पायऱ्या चढत-उतरत, गजाला हात लावत मनात उतरलं. शिवाय ते मी केलं नाही. कोणत्या दिवशी झालं हेही मला सांगता येणार नाही. दृग्दृश्यविवेक या वेदान्तग्रंथात आरंभीच म्हटलं आहे, की डोळ्याचा अंधपणा, मंदपणा, तीक्ष्णपणा मन जाणतं, आणि त्या मनालाही साक्षी जाणतो. डोळा दृश्य आहे हे मला सहज पटायचं, मन दृश्य आहे हे मात्र शब्दांपुरतंच राहिलं होतं. पण इथे मनानं माझ्या आज्ञेशिवाय आपली मोजमापं बदलली आणि मी ती बदललेली पाहिली. जे असं बदलताना दिसतं, ते पाहणारा असू शकत नाही.

वाचनाच्या दिवशी मी हे सगळं मांडलं. वहिनी त्या दिवशी मुद्दाम येऊन बसल्या होत्या. मी ओघात जॉर्ज स्ट्रॅटन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा प्रयोगही सांगितला. १८९० च्या दशकात त्यानं जग उलटं दाखवणारी भिंगं डोळ्यावर बांधून दिवस काढले, आणि हळूहळू त्या उलट्या जगात तो सराईतपणे वावरू लागला.

त्यावर वहिनींनी विचारलं, "म्हणजे उलट्यालाही मन सरावतं. मग तुझं सरावलेलं मन खरंच बघतंय कशावरून?"

प्रश्न रास्त आहे. गजाच्या बाबतीत माझ्याकडे हात होता, पायरीच्या बाबतीत पाय. डोळ्यांनी चुकवलं तर ते सांगत होते. पण राग, मानापमान, हे आपलं आणि ते परक्याचं, यांनाही मन असंच सरावलेलं असतं आणि तेही सरळच दिसतात. तिथे हाताच्या जागी काय ठेवायचं? शास्त्र सांगतं, श्रुती आणि गुरू. मला ते मान्य आहे. वहिनींना अजून नाही. त्यांचं म्हणणं असं, की ज्याच्याशी आपण तसे वागलो त्याला जाऊन विचारावं, तो सांगेल वाकडं कुठे आहे ते. पुढच्या आठवड्यापासून त्या वाचनाला नेमानं येणार आहेत आणि तृप्तिदीप आम्ही पुन्हा पहिल्या श्लोकापासून घेणार आहोत.