पहिलीचा वर्ग कोण घेणार?

मुलं घरी गेली आहेत. फळ्यावरची तारीख अजून पुसलेली नाही. पाच-दहा मिनिटं तिथेच बसून राहा. माहिती मागणारे संदेश मोबाइलवर आले असतील, ते थोडा वेळ थांबतील.

आज तुमचं लक्ष पुन्हा पुन्हा ज्याच्याकडे गेलं, ते मूल आठवा. क, म, ळ अशी सुटी अक्षरं बोट ठेवत वाचणारं. मग एके दिवशी बोट न अडता ते 'कमळ' म्हणालं आणि मान वर करून त्यानं तुमच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यापाशी थांबा, पुढे जायची घाई नको. आपल्याला जे जमलं ते खरंच जमलं ना, हे त्याला तुमच्याकडून हवं होतं. आईबाप कामावर होते. त्या घटकेला साक्षीला तुम्हीच होतात.

आता स्वतःच्या वाटेकडे या. डी.एड., शिक्षणसेवक म्हणून 3 वर्षं, मग उपशिक्षक. मधे बदल्या. 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, 24 वर्षांनी निवडश्रेणी. जमलं तर मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी. ही शिडी मनातल्या मनात सावकाश चढा आणि प्रत्येक पायरीवर विचारा, इथून मूल किती लांब आहे? वर जाण्यात गैर काहीच नाही. चांगला केंद्रप्रमुख मिळाला तर कितीतरी शाळा सावरतात. पण आपल्या नोकरीत बढती मिळाली की मूल लांब जातं, हे एकदा शांतपणे पाहून घ्यायला हवं.

इथे अनुताई वाघ आठवतात. जन्म 1910 चा. बालपणीच लग्न आणि लगेच वैधव्य. त्या शिकल्या, प्राथमिक शिक्षिका झाल्या, नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. पुण्यातली नोकरी सोडून 1945 मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांसोबत बोर्डीला आल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात भरू लागली. पुढे कोसबाडला आदिवासी मुलं गुरांमागे रानात जात, म्हणून कुरणातच शाळा भरली. तिला कुरणशाळा म्हणत.

याच्यावर जरा रेंगाळा. मूल येत नाही, एवढी नोंद हजेरीपत्रकात करून थांबता येतं. या दोघींनी विचारलं, मूल आत्ता कुठे आहे? आणि त्या तिकडे गेल्या. प्राथमिक शिक्षकाची खरी प्रगती मला या जाण्यात दिसते.

तुमच्या वर्गातही असं कुणी असेल. घरी वारली, कोरकू किंवा गोरमाटी बोलणारं, पुस्तकातल्या मराठीपुढे गप्प होणारं. त्याच्या बोलीतला एखादा शब्द तुम्ही वर्गात उच्चारला असेल, तर तेव्हाचा त्याचा चेहरा आठवा. उच्चारला नसेल, तर कोणता शब्द त्याच्याकडून शिकाल, ते ठरवा.

कंटाळाही आठवू द्या, त्याला हाकलू नका. वर्षानुवर्षं तोच 'ळ' गिरवून घ्यायचा. तरी यंदाच्या मुलाचा हात नेमका कुठल्या वळणावर अडतो, हे वाकून बघावंसं वाटतं ना? शिकवण्यावरचं प्रेम मला तिथे सापडतं. उत्साह नसलेल्या दिवशीही ते तिथे असतं.

जूनमध्ये वर्गवाटप होईल. पहिली कोण घेणार, असं विचारलं की माना खाली जातात. तुमचं उत्तर आत्ताच स्वतःशी म्हणून पाहा. घसा बसतो, पट मोठा आहे, दमायला होतं. कारणं येऊ द्या, सगळी खरी आहेत. एकेकाला पुरेसा वेळ द्या. त्यानंतरही पहिली घ्यावीशी वाटली, तर सुट्टी संपायच्या आत दाखलपात्र मुलांच्या घरी एक फेरी मारून या. घरात त्यांना कोणत्या नावानं हाक मारतात, ते विचारून ठेवा.