न जाणतां झालेल्या अपायाचा दोष कोणाचा?

“आम्हांस ठाऊक नव्हतें.” अपाय घडून गेल्यावर माणसाच्या तोंडून निघणारें हें वाक्य आमच्या वाचकांनीं अनेकदां ऐकिलें असेल. चावडीवर, बाजारांत, कधीं मंडळीच्या पंचांसमोरही तें ऐकूं येतें, आणि बहुधा तें खोटें नसतें. मग ज्याच्या मनांत वैर नव्हतें व ज्यास परिणामाची कल्पना नव्हती, त्याच्या हातून दुसऱ्याचें जन्माचें नुकसान झालें, तर त्यास दोषी म्हणावें कीं दुर्दैवी म्हणावें? ह्या प्रश्नाचा विचार आज आम्ही एका कारखानी द्रव्याच्या हकीकतीवरून करणार आहों. हें द्रव्य आतां खेड्यापाड्यांच्या दारापर्यंत आलें आहे, म्हणून हा विचार केवळ पंडितांचा नव्हे.

पीव्हीसी नांवाचें प्लास्टिक मुळांत कडक व ठिसूळ असतें. त्याची मऊ नळी, चपला किंवा अंथरण्याचा कागद करावयाचा, तर त्यांत एखादें तेलकट द्रव्य मिसळावें लागतें. अशा नरम करणाऱ्या द्रव्यांस प्लास्टिसायझर म्हणतात. त्यांपैकीं एक ट्रायक्रेसिल फॉस्फेट होय. प्लास्टिक व रोगण ह्यांशिवाय विमानांच्या इंजिनांच्या वंगणांतही तें घालितात. दिसावयास तें तेलासारखें, जवळजवळ रंगहीन, आणि त्यास वास म्हणण्यासारखा नाहीं. खाण्याच्या तेलांत तें सहज मिसळून जातें. त्याचा ‘ऑर्थो’ म्हणून जो प्रकार आहे, तो मज्जातंतूंचा नाश करितो. विष पोटांत गेल्यावर कधीं मळमळ व जुलाब होतात आणि थांबतात. मनुष्यास वाटतें, गेलें दुखणें. पुढें एक ते तीन आठवड्यांनीं पोटऱ्यांत गोळे येतात, पावलें लुळीं पडतात, आणि पुष्कळदां हातही जातात. ह्यावर उतारा नाहीं. कोणी कालांतरानें कांहींसे सुधारतात, कोणी जन्मभर पाय फरफटीत राहतात.

आतां अमेरिकेंतील हकीकत ऐका. त्या देशांत 1920 पासून 1933 पर्यंत दारूबंदीचा कायदा होता. आल्याचा अर्क मात्र औषध म्हणून विकतां येत असे, आणि त्यांत मद्यार्क पुष्कळ असल्यामुळें गरीब लोक तो दारूऐवजीं पीत. तो पिववूं नये म्हणून सरकारनें नियम केला कीं, अर्कांत आल्याचा अंश इतका असावा कीं तो अतिशय तिखट व कडवट लागावा. परीक्षा करणारा अधिकारी अर्क आटवी आणि खालीं राहिलेला गाळ तोली. तेव्हां आलें कमी घालून दुसरें कांहीं तरी घालावयाचें, म्हणजे वजन भरतें व चवही बिघडत नाहीं, अशी युक्ति व्यापाऱ्यांनीं काढिली. बोस्टन शहरांतील हॅरी ग्रॉस व मॅक्स रीझमन ह्या दोघांनीं असा पदार्थ शोधतां शोधतां एका विद्यालयाच्या प्राध्यापकाचा सल्ला घेतला. परंतु तो पदार्थ माणसांच्या पोटांत जावयाचा आहे, हें त्या प्राध्यापकास कळलें नव्हतें. शेवटीं त्यांनीं आमचें हेंच द्रव्य पसंत केलें. त्या काळीं तें निरुपद्रवी समजलें जात असे. अर्क सरकारी परीक्षेंत उतरला, आणि 1930 सालच्या आरंभीं गांवोगांवचे लोक लुळ्या पायांनीं दवाखान्यांत येऊं लागले. पीडितांची संख्या कित्येक सहस्र होती. पन्नास हजारांपर्यंतही अंदाज केलेले आहेत. ते बहुतेक गरीब होते व त्यांच्या दुखण्यास व्यसनाची लाज चिकटलेली होती, म्हणून त्यांचा कैवार घेणारे थोडे निघाले. त्या दोघांस प्रथम दंड झाला आणि तुरुंगाची शिक्षा तहकूब ठेवण्यांत आली.

हा धडा जगानें शिकावयास पाहिजे होता. परंतु 1959 सालीं मोरोक्को देशांत, मेकनेस शहर व त्याच्या आसपास, विमानाच्या इंजिनाचें वंगण खाण्याच्या तेलांत मिसळून विकलें गेलें आणि सुमारें दहा हजार माणसें पंगू झालीं. आपल्याच देशांत 1988 सालीं कलकत्त्याच्या बेहाला भागांत ह्याच द्रव्यानें दूषित झालेलें मोहरीवर्गीय बियांचें तेल खाऊन शेंकडों लोकांचे पाय गेले. पुढें 2011 सालीं तैवानांत पेयांस गढूळ व दाट रूप यावें म्हणून घालावयाच्या मिश्रणांत पामतेलाच्या जागीं दुसराच एक प्लास्टिसायझर, थॅलेट जातीचा, स्वस्त पडतो म्हणून घातलेला आढळला. देश निराळे व लोक निराळे, पण हकीकत एकच.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. “ठाऊक नव्हतें” असें म्हणणारे सगळे एका मापानें मोजतां येत नाहींत. आम्हांस त्यांचे चार वर्ग दिसतात.

पहिला वर्ग, ज्यास कळण्याचा मार्गच नव्हता त्याचा. कोपऱ्यावरच्या वाण्यानें नेहमींच्या ठिकाणाहून बंद डबा घेतला व विकला. त्याच्या माथीं दोष मारणें हा अन्याय होय. मात्र कळल्या क्षणापासून त्याचें कर्तव्य सुरू होतें. राहिलेला माल बाजूला काढणें, ज्यांस विकला त्यांच्या घरीं जाऊन सांगणें, आणि अब्रूच्या भयानें गप्प न बसणें, एवढें त्याच्याकडून येणें आहे.

दुसरा वर्ग, ज्यास विचारतां आलें असतें पण ज्यानें विचारलें नाहीं त्याचा. आमच्या मतें बहुतेक माणसें ह्याच वर्गांत मोडतात. आम्हीही पुष्कळदां मोडतों. वस्तु अर्ध्या किंमतींत मिळते तेव्हां ती अर्ध्या किंमतींत कां मिळते, हा प्रश्न मनांत येतोच. आपण त्यास दाराबाहेर उभा ठेवितों. असें अज्ञान आपण स्वतः राखिलेलें असतें, आणि राखिलेल्या वस्तूचा जबाब राखणाऱ्यानेंच दिला पाहिजे.

तिसरा वर्ग, ज्यानें विचारलें पण प्रयोजन लपविलें त्याचा. ग्रॉस व रीझमन ह्यांचा दोष आम्हांस येथें दिसतो. द्रव्य विषारी आहे हें त्यांस ठाऊक नव्हतें, हें खरें. पण आटवून वजन भरेल काय, चव बिघडेल काय, अधिकारी फसेल काय, ह्याचा त्यांनीं कसून शोध केला. हें कोणी प्याल्यास त्याचें काय होईल, हा प्रश्न त्यांनीं जाणत्या माणसापुढें उघडपणें ठेविला नाहीं. ज्यानें सगळी चौकशी स्वतःच्या बचावाची केली आणि शेजाऱ्याच्या बचावाची मुळींच केली नाहीं, त्याचें अज्ञान त्यास निर्दोष ठरवीत नाहीं. कायद्याच्या परीक्षेंत माल उतरला म्हणजे न्यायाच्या परीक्षेंतही तो उतरला, असें होत नाहीं.

चौथा वर्ग, ज्यास कळलें तरी जो थांबला नाहीं त्याचा. त्याविषयीं वादच नाहीं.

कोणी म्हणेल, हीं मोठ्या व्यापाऱ्यांचीं पापें. खेडुतास ह्यांचें काय? वाचकहो, रसायनाचीं रिकामीं पिंपें बाजारांत विकावयास येतात, आणि तीं धुऊन त्यांत पाणी, धान्य, गूळ किंवा तेल ठेवणारे लोक आहेत. तेलकट द्रव्य पाण्यानें धुतलें जात नाहीं. तें पिंपाच्या अंगास राहतें आणि पुढें तेलांत उतरतें. ज्या पिंपांत पूर्वीं काय होतें हें विकणारा सांगूं शकत नाहीं, तें खाण्यापिण्यासाठीं घेऊं नये व कोणास विकूंही नये. तेलही बंद डब्यांतलें, नांव व तारीख पाहून घ्यावें.

आमच्या मंडळ्यांतील कित्येक तरुण कारखान्यांत कामास जातात, त्यांसही दोन शब्द सांगतों. हें द्रव्य कातडींतूनही अंगांत शिरतें. म्हणून योग्य हातमोजे घालावे, खेळती हवा असेल तेथें काम करावें, आणि साबणानें हात धुतल्याशिवाय भाकरीस हात लावूं नये. कामाचे कपडे घरच्या धुण्यांत मिसळूं नयेत. सांडलें तर वाळू टाकून टिपून घ्यावें व तो कचरा निराळा ठेवून नेमलेल्या जागीं पोहोंचवावा. नाल्यांत लोटूं नये. कारण तें पाण्यांत विरघळत नाहीं म्हणण्यासारखें आहे, पाण्याहून जड असल्यानें तळच्या चिखलांत बसतें, आणि मासे व इतर जलचर ह्यांस घातक होतें.

थॅलेट जातीचीं द्रव्यें असा एकाएकीं घाला घालीत नाहींत, पण तीं प्लास्टिकाशीं पक्कीं बांधलेलीं नसतात. ऊन तेलातुपाच्या संगतीनें बाहेर येतात. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांपैकीं कांहींनीं नराच्या जननेंद्रियांच्या वाढीस अपाय केला, म्हणून युरोपांतील राष्ट्रसंघानें 2005 सालीं मुलांच्या खेळण्यांत त्यांस कायमची मनाई केली. लोणचें चिनी मातीच्या बरणींत आणि गरम कालवण धातूच्या भांड्यांत ठेवणें हा आजीचा रिवाज ह्या दृष्टीनेंही शहाणपणाचा आहे. तसेंच जुन्या नळ्या व चपला शेकोटींत टाकूं नयेत. पीव्हीसीच्या धुरांतून तीव्र आम्लवायु व डायॉक्सिन नांवाचें विष निघतें, आणि शेकोटीस सर्वांत जवळ लहान मुलें बसतात.

आणखी एक गोष्ट. एकाच तेलाचें अन्न खाणाऱ्या घरांत किंवा आळींत अनेकांच्या पायांस एकदम कमजोरी आली, तर तेल भीतीनें फेकून देऊं नये. तें खाणें बंद करावें, बाटलींत भरून ठेवावें आणि डॉक्टरास दाखवावें. विष उशिरां उमटतें, म्हणून ज्या हातानें तें दिलें तो हात बहुधा दिसत नाहीं; राखून ठेविलेली ती बाटलीच साक्ष देते.

तर दोष कोणाचा? आमचें उत्तर असें कीं, न जाणणें हा दोष नव्हे, पण जाणतां येत असतां न विचारणें हा दोष होय. आणि शेजाऱ्याच्या मुखांत जी वस्तु आपल्या हातून जावयाची, तिच्याविषयीं विचारण्याचें कर्तव्य दुप्पट आहे. पुढच्या बाजारीं पिंप स्वस्त दिसेल, तेल स्वस्त मिळेल. तेव्हां हें कशाचें आहे व ह्यांत पूर्वीं काय होतें, असें आपण विचारावें, आणि उत्तर मिळेना तर हात मागें घ्यावा. चार पैसे जातील. कोणाचे पाय जाणार नाहींत.