नियम बदलल्यावरही तेच चित्र?

क्षणोक्षणी नव्याने घडणारी वस्तू ‘तीच’ आहे असे कोणत्या आधारावर म्हणावे, हा भारतीय दर्शनांतील जुना आणि अटीतटीचा वाद आहे. बौद्ध आचार्यांनी वस्तूचे स्थैर्यच नाकारून क्षणभंगवाद मांडला, तर नैयायिकांनी ‘हे तेच’ अशा ओळखीच्या ज्ञानाचा, म्हणजे प्रत्यभिज्ञेचा, आधार घेऊन त्याला विरोध केला. उदयनाचार्यांच्या ‘आत्मतत्त्वविवेका’त या खंडनाला अग्रस्थान आहे. संगणकावरील चित्रनिर्मितीची एक पद्धत या वादाला असे उदाहरण पुरवते, की ज्यात वस्तूबरोबर तिला घडवणारा नियमही वस्तू चालू असतानाच बदलतो. प्राचीन वादात हा प्रसंग सहसा उद्भवत नव्हता, आणि म्हणूनच त्याचा विचार होणे अगत्याचे आहे.

केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 2001 मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये ‘प्रोसेसिंग’ ही प्रणाली सुरू केली, ती चित्रकार व अभिकल्पकांना आज्ञावलीतून चित्र काढता यावे म्हणून. तिच्यातील प्रत्येक आज्ञावलीला ‘स्केच’ म्हणतात आणि तिचे मुख्य भाग दोन असतात: ‘सेटअप’ हा आरंभी एकदाच चालतो, तर ‘ड्रॉ’ हा, वेगळी सूचना नसल्यास, सेकंदाला 60 वेळा चालवला जातो. पडद्यावर सरकणारे वर्तुळ प्रत्यक्षात सरकत नसते. दर वेळी नवे वर्तुळ किंचित वेगळ्या जागी काढले जाते आणि पाहणाऱ्याला गती भासते. इथपर्यंत क्षणभंगवाद्याला हरकत घेण्यासारखे काहीच नाही.

मात्र हेच स्केच इंटरप्रिटरमधून, म्हणजे टंकलेली प्रत्येक आज्ञा तत्काळ वाचून, अमलात आणून तिचे फळ दाखवणाऱ्या संवादी व्यवस्थेतून चालवले, तर चित्र पालटते. क्लोजर भाषेतील ‘क्विल’ ही प्रोसेसिंगवर उभारलेली लायब्ररी अशा वापरासाठी विशेष सोयीची आहे. समजा, एक मिनिट वर्तुळ काढले गेले, फ्रेम, म्हणजे ‘ड्रॉ’च्या फेऱ्या, मोजणारा आकडा 3600 वर आला, आणि त्याच वेळी कोणी ‘ड्रॉ’ची नवी व्याख्या टंकून त्यात वर्तुळाऐवजी चौरस काढण्यास सांगितले. खिडकी बंद होत नाही, ‘सेटअप’ पुन्हा चालत नाही, मोजणीही शून्यावर जात नाही; 3601 व्या फ्रेमला त्याच जागी चौरस उमटतो. कारण चालत्या स्केचने ‘ड्रॉ’चा मजकूर धरून ठेवलेला नसून केवळ त्याचे नाव धरलेले असते, आणि त्या नावाचा अर्थ दर फ्रेमला नव्याने पाहिला जातो. उलट, तोच बदल फाइलमध्ये करून आज्ञावली पुन्हा सुरू केली तर पहिल्या फ्रेमपासून नवी सृष्टी सुरू होते, जरी दोन्ही ठिकाणी अखेरचा मजकूर अक्षरशः एकच असला तरी.

यावरून स्पष्ट होते की चित्राचे तेपण त्याच्या आकारात नाही आणि त्याच्या नियमातही नाही. ते आहे मागच्या क्षणाने पुढच्याला दिलेल्या वारशात. दर फ्रेमच्या आरंभी पार्श्वभूमी पुन्हा रंगवण्याची आज्ञा असेल तर मागचे सारे पुसले जाते. ती एक ओळ काढली तर आधीच्या वर्तुळांचे ठसे पडद्यावर साचत राहतात आणि नवा चौरस त्यांच्यावरच उमटतो. बौद्धांनी यालाच वासना म्हटले, आणि क्षणांच्या कार्यकारणबद्ध प्रवाहाला संतान. कापसाच्या बीजाला लाखेचा रंग दिला की पुढे कापसात तांबूसपणा उतरतो, हा त्यांचा दृष्टान्त येथे नेमका लागू पडतो, कारण बीज उरत नाही पण रंग उरतो.

क्लोजरचा कर्ता रिच हिकी याने 2009 मधील एका व्याख्यानात ओळखीची जी व्याख्या केली, तीही संतानाच्या कल्पनेच्या अगदी निकट जाते: कालक्रमाने एकातून एक उद्भवणाऱ्या अवस्थांच्या मालिकेला आपण एक वस्तू म्हणतो, एवढेच. त्याने आधार घेतला तो व्हाइटहेड या प्रक्रियावादी तत्त्वज्ञाचा, परंतु धर्मकीर्ती आणि रत्नकीर्ती या बौद्ध आचार्यांच्या वाचकाला ही भूमिका परकी वाटणार नाही.

नैयायिकाचा आक्षेप तरीही निकाली निघत नाही. 3600 नंतर 3601 येतो, पण ‘हे तेच चित्र’ असे आकडा म्हणत नाही; म्हणतो तो वर्तुळ आणि चौरस दोन्ही पाहिलेला मनुष्य, आणि एकाचा अनुभव दुसऱ्याला आठवत नाही. द्रष्टाही संतानच आहे, हे बौद्ध उत्तर सुसंगत आहे. परंतु एका चालत्या इंटरप्रिटरला दोन यंत्रांवरून दोन माणसे जोडली जाऊ शकतात, आणि तेव्हा दोघांच्या आज्ञांचे ठसे एकाच पडद्यावर मिसळतात. कोणता ठसा कोणत्या संतानाचा, हे पडद्यावरून ठरत नाही. स्वतः काही न टंकता आकार बदललेला पाहणाऱ्याला दुसऱ्या कर्त्याचे अनुमानच करावे लागते, आणि धर्मकीर्तीने ‘संतानान्तरसिद्धी’त परचित्ताचे अस्तित्व याच वाटेने, आपल्या इच्छेवाचून घडणाऱ्या क्रियांवरून, सिद्ध केले. रत्नकीर्तीने ‘संतानान्तरदूषणा’त परमार्थतः ते अनुमान नाकारले, पण सामायिक पडद्यापुढे बसलेल्या दोघांपैकी कोणालाही धर्मकीर्तीला सोडून एक आज्ञाही विचारपूर्वक देता येणार नाही.