आजचं चिंतन : उदासीन म्हणजे उदास नव्हे (गीता ६.९)

सहाव्या अध्यायात आपण आज नवव्या श्लोकाशी आलो आहोत. काल आठव्यात मातीचं ढेकूळ, दगड आणि सोनं सारखंच मानणारा योगी भेटला होता. ते मला फार जड गेलं नाही, कारण सोन्याचा आजचा भाव बघता माझ्यासाठी ते तसंही दगडाइतकंच लांब आहे. पण आज भगवंत वस्तूंवरून माणसांवर येतात आणि आपली खरी परीक्षा इथे सुरू होते.

एका श्लोकात नऊ प्रकारची माणसं आहेत : सुहृद, मित्र, अरि, उदासीन, मध्यस्थ, द्वेष्य, बंधू, साधू आणि पापी. या नऊही जणांच्या बाबतीत ज्याची बुद्धी सम राहते तो विशेष, असं भगवंत म्हणतात. भरभर वाचलं तर ही नुसती यादी वाटते. शंकराचार्यांचं भाष्य घेऊन बसलं की कळतं, इथे एकही शब्द भरतीचा नाही. सुहृद म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता उपकार करणारा. मित्र म्हणजे स्नेह असलेला. अरि हा शत्रू, आणि द्वेष्य म्हणजे जो आपल्याला आवडत नाही तो. या शेवटच्या दोघांतला फरक बघा. अरि आपलं वाईट करतो. द्वेष्याने आपलं काहीच बिघडवलेलं नसतं, तो फक्त आपल्या डोक्यात जातो. ज्याचं स्टेटस आपण म्यूट करून ठेवलंय, तो बिचारा द्वेष्य!

मी मात्र अडकले ती उदासीन आणि मध्यस्थ या जोडीपाशी. आपण दोन्ही शब्दांचा अर्थ ‘न्यूट्रल’ असा करून मोकळे होतो. आचार्य त्यांना वेगळं करतात. उदासीन कुणाचीच बाजू घेत नाही. मध्यस्थ भांडणाऱ्या दोघांचंही भलं इच्छितो. बाहेरून दोघं सारखेच दिसतील, कारण दोघंही कुणाच्या गटात नाहीत. आत मात्र एकाचे दोन्ही हात रिकामे आहेत आणि दुसऱ्याचे दोन्ही भरलेले.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. उदासीन माणूस इथे ‘ज्यांच्याकडे सम बुद्धीने बघायचं’ त्यांच्या यादीत आहे. म्हणजे समबुद्धी असलेला योगी आणि हा उदासीन एकच नाहीत. योगी त्या उदासीनाकडेही तितक्याच सम नजरेने बघतो.

हे आज इतकं ताणून सांगतेय त्याला कारण आहे. मागच्या आठवड्यात एका वाचक मैत्रिणीचा मेसेज आला. तिच्या कंपनीत ले-ऑफ झाले. शेजारच्या टेबलवर तीन वर्षं बसणारी सहकारी एका सकाळी गेली, दुपारपर्यंत तिचा लॅपटॉपही जमा झाला. “आणि मला काहीच वाटलं नाही. दिवसभर काम केलं, संध्याकाळी नेहमीसारखं ध्यान केलं, झोपले. हे समत्व समजायचं, की माझ्यात काहीतरी मेलंय?”

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून घाईने उत्तर दिलं नाही. आधी शब्दच नीट बघूया, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो.

उदासीन म्हणजे उद् + आसीन. वर बसलेला, जरा अलग बसलेला. मराठीत येता येता यातलं वर बसणं हरवलं आणि चेहरा पडलेला ‘उदास’ तेवढा उरला. ‘स्वस्थ’चंही तेच झालं. चौदाव्या अध्यायात गुणातीत पुरुषाला स्वस्थ म्हटलंय, म्हणजे स्व-मध्ये, आपल्या स्वरूपात स्थिर. आपल्या घरी ‘स्वस्थ बस जरा’ म्हणजे हलू नकोस, बोलू नकोस. ‘तटस्थ’ तर शब्दशः काठावर उभा राहिलेला, मग पाण्यात कुणी गटांगळ्या का खाईना. आपण गीतेतले शब्द घेतो आणि त्यांत हे मराठी अर्थ भरतो. मग समत्व म्हणजे काही न वाटणं, काही न करणं, काठावर उभं राहणं, असं एक चित्र तयार होतं. ध्यानाच्या अ‍ॅपवरचा गोड आवाज त्याला आणखी पक्कं करतो.

आता ‘द्वंद्व’ बघा. हा शब्द ऐकला की आपल्याला दोन पैलवान दिसतात. मूळ अर्थ आहे जोडी, दोन-दोन. थंडी-ऊन, सुख-दुःख, मान-अपमान. दहाव्या अध्यायात भगवंत स्वतःच्या विभूती सांगताना म्हणतात की समासांमध्ये मी द्वंद्व आहे. शाळेत पाठ केलेली व्याख्या आठवा : ज्या समासात दोन्ही पदं प्रधान असतात तो द्वंद्व. तत्पुरुषात एक पद मोठं, बहुव्रीहीत दोन्ही पदं भलत्याच तिसऱ्याकडे बोट दाखवतात. द्वंद्वात दोघंही सारख्या मानाने बसतात, म्हणून देवाला तो आवडला असेल, असं आपलं मला वाटतं.

पाणिनीने द्वंद्व समास ‘च’च्या म्हणजे ‘आणि’च्या अर्थाने सांगितला आहे. आपल्या शालेय मराठी व्याकरणात मात्र इतरेतर आणि समाहार यांच्या जोडीला वैकल्पिक द्वंद्वही असतो : बरेवाईट म्हणजे बरे किंवा वाईट, खरेखोटे म्हणजे खरे किंवा खोटे. या ‘किंवा’ची आपल्याला सवय झालेली आहे. दुसऱ्या अध्यायाच्या अडतिसाव्या श्लोकात भगवंत सुखदुःख, लाभालाभ आणि जयाजय या तीन जोड्या सांगतात, आणि मुळात तिन्ही शब्द द्विवचनात आहेत. दोन्ही, एकत्र, हातात हात घातलेले. मराठीत द्विवचनच उरलं नाही, त्यामुळे ते आपल्या कानाला लागत नाही. आपण लाभ ‘किंवा’ अलाभ असं वाचतो आणि रात्रभर छापा-काटा करत बसतो. अप्रेझल होईल की नाही, तिचा रिप्लाय येईल की नाही. भगवंत अर्जुनाला सांगतात की हे दोन्ही येणारच, आधी दोघांना सारखं कर आणि मग लढायला उभा राहा.

त्याच श्लोकात पुढे लढायला सांगितलंय, हे विसरू नका. पहिल्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन धनुष्य टाकून रथात बसला होता. त्याला हवं होतं ते हेच, काठावर जाणं. भिक्षा मागून जगेन म्हणाला. आजच्या भाषेत ‘मी या ड्रामातून बाहेर’. भगवंतांनी त्या क्षणाला दिलेला शब्द आहे ‘विषम’. सम राहा हा उपदेश एखाद्या शांत आश्रमात झालेला नाही. पायाखालची जमीन विषम असताना, दोन सैन्यांच्या मधोमध झाला.

ज्याला काठावर जायचं होतं तो त्याच महाभारतात काठावर गेलाही. बलराम. भीम आणि दुर्योधन दोघंही त्याचे गदायुद्धातले शिष्य. तो कुणाचीच बाजू न घेता सरस्वतीच्या काठाने तीर्थयात्रेला निघून गेला. अक्षरशः तटस्थ! परतला तो थेट शेवटच्या गदायुद्धाला. भीमाने नियम मोडून दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारली आणि इतके दिवस अलिप्त राहिलेला बलराम नांगर उचलून भीमावर धावून गेला. त्याला दोन्ही हातांनी कवेत घेऊन कुणी थांबवलं? श्रीकृष्णाने. जो पहिल्या दिवसापासून एका बाजूला उघडपणे उभा होता, घोड्यांचे लगाम हातात घेऊन, त्याने. बलरामाला कमी लेखायचं नाही मला, त्याचा राग अधर्माविरुद्धच होता. पण लांब राहिल्याने मन सम होतं हा आपला समज ही गोष्ट वाचल्यावर टिकत नाही.

मग बाराव्या अध्यायात भक्ताचं लक्षण म्हणून ‘उदासीन’ येतं त्याचं काय? तो शब्द सोळाव्या श्लोकात आहे. पण भक्ताची ती लक्षणं तेराव्यापासून सुरू होतात, आणि तिथे आधी काय येतं ते बघा : कुणाचा द्वेष न करणारा, मैत्र, करुण. मैत्री आणि करुणा आधी ठेवून मग उदासीन म्हटलंय. त्यामुळे तिथे त्या शब्दाचा अर्थ पक्षपात नसलेला एवढाच होऊ शकतो. ज्याला काही वाटतच नाही तो करुण कसा असेल?

ज्ञानेश्वर माऊलींनी याच अध्यायात शत्रू-मित्रांना सम असलेल्या भक्तासाठी दृष्टांत दिले आहेत. झाड लावणाऱ्यालाही सावली देतं आणि तोडायला आलेल्यालाही तीच सावली देतं. दिवा घरच्यांना उजेड आणि परक्यांना अंधार असं करत नाही. ऊस वाढवणाऱ्याला गोड आणि पिळणाऱ्याला कडू लागत नाही. या तिन्ही दृष्टांतांत काहीतरी दिलं जातंय : सावली, उजेड, गोडवा. माऊलींना समता दाखवायला दगड सुचला नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. दगडही सगळ्यांना सारखाच असतो की. तराजूचंही तसंच. दोन्ही पारड्यांत सारखं वजन असलं की काटा मधे राहतो आणि दोन्ही पारडी रिकामी असली तरी मधेच राहतो. नुसत्या काट्याकडे बघून आत काय आहे ते कळत नाही.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. गीता ‘सम’ हा शब्द दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरते. दुसऱ्या अध्यायात मला माझा लाभ आणि माझा तोटा सारखा करायचाय. सहाव्या अध्यायाच्या बत्तिसाव्या श्लोकात, म्हणजे आजच्या श्लोकानंतर थोडंच पुढे, ‘आत्मौपम्य’ हा शब्द येतो : स्वतःच्या उपमेने दुसऱ्याचं सुख किंवा दुःख सम बघणं. तिथे सारखं काय करायचंय? माझं दुःख आणि तुझं दुःख. माझ्या बोटाला चिमटा बसला की मला जे होतं ते तुलाही होतं, हे ओळखायचंय. आणि त्या श्लोकात अशा योग्याला परम मानलंय.

आपण नेमकी अदलाबदल करतो. स्वतःची पगारवाढ दोन टक्क्यांनी हुकली की आठवडाभर झोप नाही. शेजारचीची अख्खी नोकरी गेली की मात्र ‘शेवटी प्रारब्ध असतं’, आणि लगेच सम! समत्वाचा श्लोक स्वतःच्या तोट्याला लावायचा असतो, तो आपण दुसऱ्याच्या तोट्याला लावतो. शोकात असलेल्या माणसाला ‘रडू नकोस, गीता काय सांगते’ म्हणणारे नातेवाईक सगळ्यांनी पाहिलेत.

म्हणून तिला मी एवढंच विचारलं : त्या दिवशी यादीत तुझं नाव असतं आणि तरी तू तशीच ध्यानाला बसून शांत झोपली असतीस का? तिने बऱ्याच वेळाने लिहिलं, “नाही, मी कोसळले असते.” मग ते समत्व नव्हतं. पण मन मेलेलंही नव्हतं, माझ्या मते. घाबरलेलं मन असंच गोठतं. ‘आज ती, उद्या मी’ हे आत कुठेतरी उमटलेलं असतं आणि ते ऐकू येऊ नये म्हणून मन दार लावून घेतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त त्याला अध्यात्माचं नाव देऊ नये.

तितिक्षा हा शब्द इथे कामाचा आहे. दुसऱ्या अध्यायात थंडी-ऊन, सुख-दुःख येतात-जातात ते सहन कर, असं सांगताना भगवंत हा धातू वापरतात. सहन करायला आधी लागावं लागतं. थंडी लागतच नसेल तर सहन काय करणार? आणि गंमत म्हणजे तितिक्षा, तेज आणि तीक्ष्ण हे तिन्ही शब्द एकाच ‘तिज्’ धातूचे. त्यात धार आहे, बधिरपणा नाही.

याच अध्यायात पुढे अर्जुन या सगळ्या योगाला ‘साम्य’ म्हणतो, आणि लगेच तक्रार करतो की मन फार चंचल आहे, हे टिकेल असं वाटत नाही. विनोबांनी हाच शब्द उचलला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं देणारे विनोबा तिच्या शिकवणीला साम्ययोग म्हणत. १९५१ पासून भूदानासाठी ते गावोगाव चालत राहिले, ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्यासाठी हात पसरत. साम्य डोक्यात मुरलं की पाय कुठे वळतात ते तिथे दिसतं.

आणि पंढरपूरला जाल तेव्हा पायांकडे नीट बघा. आपला विठोबा समचरण आहे, दोन्ही पावलं विटेवर सारखी. एका पायावर भार देऊन रेललेला नाही. बसलेलाही नाही, उभा आहे. भक्ताच्या दारात.

मैत्रिणीने काल रात्री त्या सहकारीला फोन केला. पाऊण तास बोलल्या. दोघी रडल्या म्हणे, आणि मग रेझ्युमे कुणाकुणाला पाठवायचा याची यादी केली.

आजचा अभ्यास सोपा आहे. नवव्या श्लोकातली नऊ नावं वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे तुमच्या ओळखीतला एकेक माणूस. ‘द्वेष्य’पुढचं नाव लिहायला वेळ लागणार नाही. ‘सुहृद’पुढे लिहिताना थोडं थांबावं लागेल कदाचित.

उद्या दहावा श्लोक, एकांताबद्दल.

राम कृष्ण हरी.