साखर आणि सब्र
मधुमेहाला सुट्टी नसते. वर्षानुवर्षं सुई टोचून, घास मोजून माणूस थकतो, तेव्हा आपण त्याला म्हणतो, ‘सब्र करा.’ म्हणजे गप्प बसा! हजरत याकूब (अ.) सब्र करणाऱ्यांत थोर, तरी मुलाच्या दुःखानं त्यांचे डोळे पांढरे पडल्याचं कुरआनात आहे. मग उदास रुग्णाच्या ईमानावर शंका का? दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर रक्ताच्या एका तपासणीत कळते. मनाचं कुणी विचारत नाही. रमजानमध्ये आजाऱ्याला रोजाची सवलत आहे, पण दुपारी पाणी पिताना त्याच्यावर रोखलेल्या नजरांचं काय? झोप उडाली, नमाजीत मन लागेना, जगणं नकोसं वाटू लागलं, तर त्यावरही इलाज असतो. दवा आणि दुआ हे शब्द आम्ही उर्दूच्या वर्गात जोडीनंच शिकवतो. इन्सुलिन घेताना आपला तवक्कुल सुटत नाही. मनाच्या डॉक्टरकडे जातानाच तो कसा सुटतो?