अर्जातील एक ओळ

शास्त्रवाचन : १ तीमथ्य १:१२-१७ आणि ३:१-१३



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी उपासना संपल्यावर आमच्या मंडळीतील एक तरुण माझ्यासाठी दाराशी थांबला होता. त्याच्या हाती एक छापील नमुना होता. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील शिपाईपदाची लेखी परीक्षा तो उत्तीर्ण झाला होता. ही परीक्षा २०२४ पासून मराठीतूनही देता येते, म्हणून महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुलेही तिच्याकडे आशेने पाहू लागली आहेत. धावण्याची चाचणी झाली होती, वैद्यकीय तपासणीही झाली होती. उरला होता तो साक्षांकनाचा नमुना, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी उमेदवाराने स्वतःच्या हाताने भरून द्यावयाची माहिती. त्यात प्रश्न होते : आपणांस कधी अटक झाली आहे काय? आपल्यावर कधी खटला चालला आहे काय? न्यायालयाने आपणांस कधी दंड केला आहे काय? कधी दोषी ठरवले आहे काय?

"काका, इथे काय लिहू?" त्याने विचारले.

त्याची हकिगत मला ठाऊक होती. मित्राच्या लग्नाच्या रात्री दारू पिऊन मोटारसायकल चालवताना तो प्रथम पकडला गेला. न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला व घरी आला. वर्ष सरले नाही तोच दुसऱ्यांदा तेच घडले. त्या वेळी रस्ता ओलांडणारे एक वृद्ध गृहस्थ केवळ हातभर अंतराने वाचले. त्या रात्रीनंतर त्याने दारूला स्पर्श केलेला नाही. मंडळीपुढे उभे राहून त्याने आपले पाप सांगितले, तेव्हा त्याची विधवा आई पहिल्या बाकावर बसून रडत होती. ती एका रुग्णालयात आया म्हणून काम करते. या नोकरीवर तिचे सारे म्हातारपण अवलंबून आहे.

मामांनी त्याला सल्ला दिला होता, "सरळ 'नाही' लिही. वाहतुकीचा दंड तो, त्याला कोण गुन्हा म्हणतो?" तरुणाचा स्वतःचा प्रश्न मात्र याहून खोल होता. "काका, देवाने मला क्षमा केली असे तुम्हीच शिकवता. देव जे आठवत नाही, ते सरकारने का विचारावे? आणि मी तरी ते का लिहावे?"

वाचकहो, खरे सांगतो, त्या आईचा चेहरा डोळ्यांपुढे येताच माझ्याही मनात क्षणभर मामांचाच विचार आला. मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. "बुधवारी ये," एवढेच म्हणालो. मधले तीन दिवस पौलाचे तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र पुढे ठेवून मी जे शोधले, ते आज आपणांपुढे मांडतो.

प्रथम मामांचे म्हणणे तपासू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालवणे हा गुन्हा आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे प्रकरण पुसले गेले असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती दोषसिद्धीच असते. मग "दंड झाला आहे काय?" या प्रश्नास 'नाही' हे उत्तर शुद्ध असत्य होय.

आणि हा अपराध क्षुल्लकही नव्हे. उत्तर प्रदेशातील सशस्त्र पोलीस दलाच्या एका चालकाने २००० साली दारूच्या नशेत जवानांनी भरलेला ट्रक चालवला व एका जीपला मागून धडक दिली. सुदैवाने मोठी हानी झाली नाही. त्याला बडतर्फ करण्यात आले. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची दीर्घ सेवा लक्षात घेऊन बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती दिली. परंतु अपघात किरकोळ होता म्हणून अपराध किरकोळ ठरत नाही, हेही स्पष्ट केले. ट्रकमधील जवानांचे प्राण त्याच्या हाती होते. आमच्या तरुणाच्या बाबतीत तो वृद्ध वाचला, ही देवाची दया. त्यात तरुणाचे काही पुण्य नव्हते.

आता त्याच्या प्रश्नाकडे वळू. तीमथ्याच्या पत्राचा पहिला अध्याय पाहा. तेथे पौल स्वतःची नोंद स्वतःच लिहितो. आपण देवाची निंदा करणारे, मंडळीचा छळ करणारे व दांडगाई करणारे होतो, असे तो सांगतो. हे त्याला कोणी विचारले नव्हते. तरुण तीमथ्यापुढे आपली प्रतिष्ठा जपण्याचा मोहही त्याला होऊ शकला असता. तरी तो लिहितो, आणि त्याच ओळींत ख्रिस्ताच्या दयेचे गुणगान करतो. ज्या पापावर दया झाली ते पाप लपवले, तर दयेची कथा सांगायची कशी?

दोन पाने उलटली की तिसरा अध्याय येतो, आणि तोच पौल एकदम कठोर होतो. मंडळीच्या सेवेत ज्याला घ्यावयाचे तो मद्यपी नसावा, बाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे, आणि त्याची आधी पारख व्हावी, असे तो सांगतो. येथील मद्यपी या अर्थाच्या मूळ ग्रीक शब्दाचा, 'पारोइनोस' याचा, शब्दशः भाव 'द्राक्षारसापाशी असणारा' असा आहे. म्हणजे प्याल्याजवळून जो उठत नाही तो. आणि पारख करण्यासाठी जे क्रियापद आहे, ते नाण्याची वा धातूची शुद्धता तपासण्यासाठी वापरीत. सोनार कसोटीच्या दगडावर सोने घासतो, ते सोन्याचा अपमान करण्यासाठी नव्हे.

कोणी म्हणेल, हे नियम मंडळीच्या सेवकांसाठी आहेत, पोलिसांसाठी नव्हेत. परंतु रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल राज्याच्या अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो, आणि तेथे त्याने 'दियाकोनोस' हाच शब्द योजला आहे, जो तीमथ्याच्या पत्रात मंडळीच्या सेवकांसाठी येतो. खाकी गणवेश घालून चौकात उभा राहणारा शिपाई पौलाच्या दृष्टीने एका अर्थी दीक्षितच आहे. ज्याच्या हाती लाठी व बंदूक द्यावयाची, इतरांच्या श्वासाची तपासणी करण्याचा अधिकार द्यावयाचा, त्याची आधी पारख व्हावी यात अन्याय कोणता?

म्हणून त्या तरुणाला पहिले उत्तर असे : क्षमा ही देवाची देणगी आहे, पद ही लोकांची ठेव आहे. देणगी तत्क्षणी मिळते. ठेव मात्र ज्याच्या हाती सोपवायची, त्याला पाहून, पारखून सोपवली जाते. दिमिष्काच्या वाटेवर शौलाला प्रभूने स्वीकारले, परंतु तीन वर्षांनी तो यरुशलेमात आला तेव्हाही शिष्य त्याला भीतच होते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा नववा अध्याय त्या भीतीबद्दल त्यांना दोष देत नाही. ज्यांची माणसे त्याने तुरुंगात टाकली होती, त्यांना वेळ हवा होता.

आता दुसरे उत्तर. तिसऱ्या अध्यायात पौल अध्यक्षासाठी जो पहिला गुण सांगतो, त्यास आपण मराठीत अदूष्य किंवा निर्दोष म्हणतो. भाषांतर करताना या शब्दापाशी मी पुष्कळदा थांबलो आहे. मूळ 'अनेपिलेम्प्तोस' याचा भाव असा, की ज्याला धरावयास कोठे जागाच नाही, ज्याच्या अंगावर शत्रूच्या हाती लागेल असा काठ नाही. कधी पडलाच नाही असा मनुष्य, एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर पौल स्वतः अपात्र ठरेल.

मग धरावयास जागा कोठून निर्माण होते? लपवलेल्या गोष्टीतून. समजा, या मुलाने 'नाही' लिहिले आणि तो नोकरीत लागला. त्याच्या गावातील एखाद्या दारूच्या चोरट्या व्यापाऱ्याला ती दोन प्रकरणे माहीत आहेत. एका रात्री नाक्यावर तो गाडी थांबवून हळूच म्हणेल, "साहेब, तुमच्या अर्जातील ती ओळ मला ठाऊक आहे." त्या क्षणापासून तो शिपाई कायद्याचा सेवक राहणार नाही, त्या व्यापाऱ्याचा दास होईल. ज्याने आपले पाप आधीच उघडपणे लिहून दिले, त्याला असे कोण धरील? त्याचा काठ त्याने स्वतःच कापून टाकलेला असतो.

योहान आपल्या पहिल्या पत्रात पापाच्या कबुलीसाठी जे क्रियापद वापरतो, त्याचा मूळ भाव 'तेच बोलणे' असा आहे. देव माझ्या कृत्यास जे नाव देतो तेच नाव मीही देणे, ही कबुली होय. देव त्यास पाप म्हणत असता मी 'वाहतुकीचा दंड' म्हणत असेन, तर अजून मी कबुली दिलेलीच नाही. आपल्या मराठीने यास पाप 'पदरी घेणे' हा सुंदर शब्दप्रयोग दिला आहे. तोंडाने बोलून भागत नाही. आपले ओझे आपल्याच पदरात बांधून घ्यावे लागते.

नवल असे, की या देशाच्या न्यायालयांनीही हाच प्रश्न तोलला आहे. खटले मद्यपी चालकांचे नव्हते, पण प्रश्न तोच होता. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने तारुण्यातील चुकांकडे उदारतेने पाहावे असे मत दिले. २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने, पोलीस दलात येणाऱ्याचे चारित्र्य निष्कलंक असले पाहिजे, असे बजावले. पुढे २०१६ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या. उमेदवाराने माहिती खरी द्यावी, काही दडवू नये. प्रकरण क्षुल्लक असेल तर अधिकाऱ्यांनी तारतम्य वापरावे. आणि उमेदवाराने सर्व खरे सांगितले तरी त्याचा पूर्वेतिहास विचारात घेण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला राहतो, नेमणूक द्यावीच अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

म्हणजे सत्य लिहिले की नोकरी मिळेलच, असे अभिवचन ना न्यायालय देते, ना पवित्र शास्त्र. मी त्या मुलाला तसे खोटे सांत्वन दिले नाही. दाविदाला देवाचे मंदिर बांधावयाचे होते. हेतू शुद्ध होता, देवाची त्याच्यावर प्रीती होती. तरी त्याच्या हातून पुष्कळ रक्त सांडले होते म्हणून देवाने त्याला नकार दिला. दावीद रुसला नाही. त्याने दगड, लोखंड, पितळ व गंधसरूची लाकडे जमवून ठेवली, म्हणजे त्याच्या मुलाला मंदिर बांधता यावे. नाकारला गेलेला हातही देवाच्या कामास लागतो.

आता एक शब्द मंडळीसाठी. अशा प्रसंगी चारित्र्याच्या दाखल्यासाठी लोक पाळकांकडे येतात, आणि दयेपोटी आपण मोघम चार चांगली वाक्ये लिहून देतो. ही दया नव्हे. शिष्य शौलाला भीत होते तेव्हा बर्णबाने काय केले? शौलाचा पूर्वेतिहास त्याने झाकला नाही. तो त्याला घेऊन प्रेषितांकडे गेला आणि वाटेत प्रभूने त्याला कसे बदलले ते त्याने सांगितले. आपला दाखलाही असाच असावा : हा पडला होता, अमुक काळापासून तो सावरला आहे, आणि हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. शिवाय आपल्या लग्नसमारंभांत मांडवामागे चालणाऱ्या बाटलीकडे आपण वडीलधारी मंडळी डोळेझाक करतो. तीच बाटली रात्री मुलांच्या हाती गाडीची किल्ली देते. त्या पहिल्या रात्रीचा काही भाग आपल्याही पदरी घ्यावयाचा आहे.

बुधवारी तो आला, आईसह. मी वरील सारे सांगितले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आईच म्हणाली, "लिही, बाळा. खोट्याची भाकर मला पचणार नाही." त्याने माझ्याच टेबलावर 'होय' लिहिले, खाली दोन्ही तारखा, न्यायालय व दंडाची रक्कम लिहिली. मंडळीच्या पाळकांनी दाखला दिला, त्यातही ते दोन प्रसंग नमूद केले.

निकाल अद्याप आलेला नाही. तो सध्या एका गोदामात रात्रपाळीचा पहारेकरी आहे. रविवारी तो पहिल्या बाकावर आईच्या शेजारी बसतो. आपण सर्वांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी, अशी माझी विनंती आहे.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, तू आमचे सर्व जाणतोस. तुझ्यापुढे उघडे असलेले पाप माणसांपुढे पदरी घेण्याचे धैर्य आम्हांस दे. जे तुझे झाले पण ज्यांची पारख अजून चालू आहे, त्यांना धीर दे; आणि त्यांच्याबरोबर चालणारा बर्णबा आमच्यातून उभा कर. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.