शिवणीतली माया

शास्त्रपाठ : १ शमुवेल २:१८-२१



शिवणकाम करणाऱ्या आपल्या भगिनींना 'माया' हा शब्द दोन अर्थांनी ठाऊक आहे. एक अर्थ सर्वांच्याच परिचयाचा. दुसरा कात्रीशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांचा. कापड बेतताना शिवणीच्या आत जे थोडे जास्तीचे कापड सोडतात, त्यालाही माया म्हणतात. बोटभर माया ठेवली असेल तर पुढल्या वर्षी शिवण उसवून झगा सैल करता येतो. माया न ठेवता शिवलेला कपडा पहिल्या दिवशी अंगावर चापूनचोपून बसतो, पण मूल वाढले की तो धाकट्या भावंडाच्या वाट्याला जातो. एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे आले ते भाषापंडितांनी सांगावे. आम्हांला मात्र हन्नेची गोष्ट वाचताना हा शब्द हटकून आठवतो.

हन्नेचा नवस आपण शब्बाथशाळेत शिकवतो. तिचे रडणे, एलीचा गैरसमज, शमुवेलाचा जन्म हे सारे मुलांना पाठ असते. मग आपण एकदम तिसऱ्या अध्यायावर उडी मारतो, कारण रात्री देवाने हाक मारली ती गोष्ट मुलांना फार आवडते. मध्ये एक लहानसे वचन राहून जाते. शमुवेल तागाचे एफोद घालून परमेश्वराची सेवा करीत असे, आणि त्याची आई दरवर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा तयार करून, वार्षिक यज्ञासाठी पतीबरोबर जाताना तो नेत असे, एवढेच तेथे सांगितले आहे. पवित्र शास्त्राने या आईचे पुढचे सारे आयुष्य या झग्यात गुंडाळून ठेवले आहे म्हणा ना!

ज्यांनी मुलांचे कपडे घरी शिवले आहेत त्यांनी या वचनाशी थोडे थांबावे. मुलाचा कपडा बेतायचा म्हणजे आधी मूल समोर उभे करावे लागते. ते वळवळते, "झालं का गं?" म्हणून विचारते, टाचणी टोचली म्हणून ओरडते. खांदा, छाती, बाही, उंची अशी मापे घ्यावी लागतात. हन्नेपुढे मूल नव्हते. ते शिलोला होते आणि ती रामा येथे. तिच्याजवळ होते ते गेल्या वर्षीचे माप, तेही मनात धरून ठेवलेले. चार वर्षांचे मूल पाच वर्षांचे होईपर्यंत किती वाढते? या वर्षी त्याला ताप तर आला नसेल? एलीच्या घरचे अन्न त्याला मानवत असेल ना? एलीच्या मुलांचे वर्तन कसे होते हे त्याच अध्यायात लिहिले आहे. अशा घरात आपले लेकरू ठेवून आलेल्या आईच्या मनात काय चालले असेल! त्या वयाच्या शेजारच्या पोरांकडे पाहून ती अंदाज बांधत असेल. शास्त्र हे सांगत नाही, परंतु दूर असलेल्या मुलासाठी ज्यांनी कधी कापड बेतले आहे त्यांना ते सांगावेही लागणार नाही. अशा कपड्यात माया ठेवावीच लागते.

आणखी एक. एकविसाव्या वचनाप्रमाणे हन्नेला पुढे तीन मुलगे व दोन मुली झाल्या. म्हणजे हे काम रिकाम्या घरात, निवांत वेळी झालेले नव्हे. त्या काळी दुकानातून दोन वार कापड फाडून आणण्याचीही सोय नव्हती. लोकरीचे असो वा तागाचे, सूत कातायचे, मग ते विणायचे, मग शिवायचे. वार्षिक यात्रेच्या आदल्या आठवड्यात बसून उरकण्याचे हे काम नव्हते. पाच लेकरांच्या रगाड्यात वर्षभर ते चाललेले असणार. हातात चाती आणि डोळ्यांपुढे शमुवेल. त्याला झगा मिळे तो वर्षातून एकदा, परंतु आईचे हात त्याच्यासाठी बाराही महिने चालत.

मूळ इब्री भाषेत या झग्याला 'मईल' असा शब्द आहे. हाच शब्द निर्गमच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात मुख्य याजकाच्या निळ्या झग्यासाठी आला आहे. म्हणजे हन्नेने मुलाला घरातले साधे झबले शिवून नेले नाही, तर मोठ्या माणसाचे मानाचे वस्त्र लहान मापात शिवले. हाच शब्द पुढे दोनदा शमुवेलाच्या अंगावर दिसतो. पंधराव्या अध्यायात शौलाने झग्याचा काठ धरला व तो फाटला. आणि अठ्ठाविसाव्या अध्यायात एन-दोर येथील स्त्रीला झगा पांघरलेला म्हातारा दिसला, त्यावरून शौलाने शमुवेलाला ओळखले. हे मोठेपणीचे झगे आईच्या हातचे नव्हेत, हे उघड आहे. पण या माणसाला ओळखायचे ते झग्यावरून, हे मात्र आईपासूनच सुरू झाले.

आता आपल्या घरांकडे वळू. हैदराबाद-सिकंदराबादेतील आपली पुष्कळ मराठी कुटुंबे मूळची मराठवाड्याकडची. १९५६ पर्यंत तेथले पाच जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. तेव्हा नोकरीसाठी, शिक्षणासाठी माणसे राजधानीकडेच येत. येताना ट्रंकेबरोबर पुष्कळ घरांतून एक हातमशीनही आले. शिवणयंत्राचा इतिहास तसा फार जुना नाही. अमेरिकेत एलियस हाऊ याला १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याला १८५१ मध्ये पेटंट मिळाले. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या महात्मा गांधींनी १९२४ मध्ये सिंगरच्या यंत्राला अपवाद मानले, ते अशासाठी की, पत्नीचे कष्ट पाहून प्रेमाने त्याने ते शोधले अशी कथा त्यांच्या ऐकण्यात होती. (सिंगर साहेबांचे खरे कौटुंबिक चरित्र मात्र मंडळीपुढे ठेवण्याजोगे नाही, असो.) पुढे कलकत्त्याच्या कारखान्यातून 'उषा' मशीन निघू लागले आणि ते मध्यमवर्गीय घरात आले. आमच्याकडे हे यंत्र खिडकीशी असते. शेजारच्या तेलुगू भगिनी त्याला 'कुट्टु मिषन' म्हणतात, पलीकडच्या खाला 'सिलाई मशीन' म्हणतात, आणि तिघींचा दोरा एकाच कारणाने तुटतो. सिकंदराबादचा जनरल बाजार किंवा चारमिनारजवळचे पत्थरगट्टी येथून कटपीस आणावे, सुती असेल तर रात्री भिजत घालावे, आणि दुपारची भांडी झाल्यावर मुले शाळेतून येईपर्यंत जी दीड-दोन तासांची सवड मिळते तीत बेतायला बसावे, ही कित्येक घरांची रीत.

मशीनवर जे शिवले जात नाही ते गोधडीत जाते. आमच्या मराठवाड्यात तिला वाकळ म्हणतात. आजीची विरलेली लुगडी, वडिलांचा कोपरावर गेलेला सदरा, लहानपणचे परकर, सारे एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवायचे. अशी वाकळ पांघरून झोपलेले मूल बोट ठेवून विचारते, "हे कुणाचं?" आणि मग घरातली गेलेली माणसे त्याला भेटतात. कुटुंबाची वंशावळ लिहिण्याची ही एक पद्धतच आहे. मत्तयाच्या पहिल्या अध्यायापेक्षा ती मुलांना लवकर पाठ होते.

तर मग हा छंद म्हणायचा की काम? 'तिला हौस आहे हो' असे आपण सहज म्हणतो. हा शब्द जपून वापरावा असे आम्हांला वाटते. गोदावरीच्या मुखाकडे नरसापूर म्हणून गाव आहे. मिशनरी कुटुंबांकडून त्या प्रदेशातील स्त्रिया लेस विणण्यास शिकल्या, आणि ती लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी त्या स्त्रियांवर लिहिलेले पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी दाखवून दिले की, या गृहिणी आहेत, फावल्या वेळात काहीतरी करीत बसतात, असे मानले गेल्यामुळेच त्यांची मजुरी अगदी कमी राहिली आणि पैसा मधल्या व्यापाऱ्यांकडे गेला. हौस म्हटले की मोल द्यावे लागत नाही! दूर कशाला, आपल्याच मंडळ्यांतून गायकवृंदाचे झगे, वेदीवरचे वस्त्र, नाताळच्या नाटकाचे कपडे शिवणाऱ्या भगिनीला आपण दोऱ्याचे पैसे तरी विचारतो काय? २०२४ मध्ये तेलंगणातील सरकारी शाळांतील मुलांचे गणवेश शिवण्याचे काम बचत गटांतील स्त्रियांकडे देण्यात आले आणि त्याचा दर नगावर ठरला. सरकारला जे कळते ते मंडळीला कळू नये, हे बरे नव्हे.

यापो येथील टबीथा, म्हणजे दुर्कस, हिच्याविषयी लूक लिहितो तेव्हा तिच्या कामाला तो छंद म्हणत नाही. तो तिला 'शिष्या' म्हणतो. मूळ ग्रीक नव्या करारात शिष्य या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप केवळ याच ठिकाणी आले आहे. ती मेली तेव्हा विधवांनी पेत्राला तिची वचने किंवा दर्शने सांगितली नाहीत. तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे दाखवली. तिच्या शिष्यपणाचा पुरावा हाताने चाचपून पाहता येत होता.

तरीही कोणावर ओझे घालण्याची आमची इच्छा नाही. आज तयार फ्रॉक मिळतो त्या किमतीत कधीकधी कापडही येत नाही. पुष्कळ मुलींना शिवणाचा मनापासून कंटाळा असतो; त्या बँकेत, इस्पितळात, संगणकाच्या कचेऱ्यांत काम करून घर चालवतात आणि सर्वांना कपडे घेतात. त्याही घराला वस्त्रे पुरवतातच. नीतिसूत्रे ३१ मधील सद्गुणी स्त्री तागाची वस्त्रे करून विकते असे लिहिले आहे. म्हणजे ती कोणीतरी विकतही घेत होते! आणि शिवण हे बायकांचे काम, हा तर शास्त्राचा दंडकच नव्हे. निवासमंडपाचे भरतकाम परमेश्वराने अहलियाबाला शिकवले आणि पौल राहुट्या करून पोट भरी.

परंतु शिवणाऱ्या हातांना एक गोष्ट विशेष कळते, ती सांगितल्याशिवाय आमच्याने राहवत नाही. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात दोन शिवणकामे आहेत. पहिले आदाम-हव्वेचे, अंजिराच्या पानांचे. लाज झाकण्याची घाई, हाताशी आले ते जोडले. संध्याकाळपर्यंत पाने सुकणारच. दुसरे काम देवाचे. त्याने त्यांच्यासाठी कातड्याची वस्त्रे केली आणि ती त्यांना घातली. केव्हा? न्याय सांगून झाला होता. आता त्यांना बागेबाहेर काढायचे होते. काट्याकुसळांच्या जमिनीवर जाणाऱ्या लेकरांना देवाने तसेच उघडे पाठवले नाही. आधी कपडे केले आणि मग निरोप दिला.

निरोप हा आज आपल्या घराघरांतला विषय आहे. मुले पुण्याला गेली, बंगळुरूला गेली, आखातात गेली, अमेरिकेत स्थायिक झाली. नातवंडे फोनच्या काचेवर दिसतात. काचेवरून माप कसे घ्यावे? तरी आजीबाई दुपटी शिवतात, झबली शिवतात, बाळाच्या आईला विचारून इंच लिहून घेतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या सामानातून पाठवतात. पुष्कळदा झबले पोचेपर्यंत बाळ मोठे झालेले असते. मग घरातलेच कोणी म्हणते, "कशाला एवढा त्रास घेता? तिकडे सर्व मिळते." बोलणारा खोटे बोलत नाही. शिलोलाही कपडा मिळत असेलच. एफोद तर मंदिराचेच होते. तरी हन्ना दरवर्षी झगा नेत राहिली, आणि तिला कोणी 'कशाला' म्हटल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. उलट, ती दोघे आली की एली त्यांना आशीर्वाद देत असे.

याहून कठीण दुःख आहे ते गावातच असूनही घरी न येणाऱ्या मुलांचे. भांडून गेलेली, व्यसनापायी दुरावलेली, उपासनेचे नाव काढू न देणारी मुले. त्यांच्या आयांशी बोलताना आम्हांला उपदेश सुचत नाही. फक्त लूकच्या पंधराव्या अध्यायातील एका गोष्टीकडे त्यांचे लक्ष वेधतो. मुलगा लांब असतानाच बाप धावला, आणि म्हणाला की, उत्तम झगा लवकर आणा. झगा शिवायला टाका असे तो म्हणाला नाही. झगा घरात तयार होता. उपासमारीने अर्धा झालेल्या मुलाच्या अंगावर तो सैल झाला असेल. होऊ द्या. घरातले जेवण सुरू झाल्यावर तो भरून येणार होता.

माया बाहेरून दिसत नाही. कपडा उलटा केला तरच ती दिसते. लोकांना सुलट बाजूवरचे भरतकाम दिसते, त्याचे कौतुक होते. आत किती सोडले आहे ते शिवणाऱ्याला ठाऊक असते आणि ज्या दिवशी कपडा आखूड होतो त्या दिवशी घालणाऱ्याला कळते. देवाच्या कृपेविषयी आम्हांला याहून सोपा दाखला सापडलेला नाही, आणि आपण शब्बाथशाळेत तो अवश्य सांगावा. हातात एक जुना झगा घेऊन, शिवण उलगडून दाखवून सांगावा.

नाताळ जवळ येतो तशी शिक्षकांची धावपळ सुरू होते. देवदूतांना पांढरे झगे, मेंढपाळांना मुंडासी, मागी लोकांना कोणाच्या तरी लग्नातल्या शाली. दरवर्षी नवे कापड घेतले जाते आणि दरवर्षी मागचे झगे कोणालाच बसत नाहीत. आमची सूचना अशी : सुती कापड असेल तर आधी भिजवून, वाळवून घ्यावे (प्रभूने मत्तय ९:१६ मध्ये कोऱ्या कापडाविषयी जे सांगितले ते प्रत्येक शिवणाऱ्याला पटते). खाली चार बोटे दुमड ठेवावी, दोन्ही कुशींना दोन-दोन बोटे माया ठेवावी, आणि टाका लांब घालावा म्हणजे पुढल्या वर्षी उसवणे सोपे जाते. मोठ्या वर्गातील मुलांना, मुलग्यांनाही, सुईत दोरा ओवणे आणि तुरपणे शिकवावे. एका रविवारी अर्ध्या तासात होण्यासारखे आहे. आतल्या बाजूला मुलाचे नाव दोऱ्याने घालावे, त्याखाली पुढच्या मुलाच्या नावाला जागा ठेवावी. दोऱ्याचे व कापडाचे पैसे मंडळीच्या खर्चात धरावेत. आणि यादीत नाव नसलेल्या मुलासाठी एक झगा जास्त बेतावा, कारण ऐन कार्यक्रमाच्या संध्याकाळी असे एखादे मूल दारात येऊन उभे राहते. माप कोणाचे घ्यावे असे विचाराल, तर वर्गातील सर्वांत उंच मुलाचे घ्या.